भविष्याच्या नोंदवहीत आपली नोंद

गेल्या वर्षीच्या भीमजयंतीच्या कार्यक्रमात आमच्या हातून एक प्रमाद घडला. त्याची कबुली देऊनच या लेखाचा आरंभ करणे आम्हांस उचित वाटते. व्यासपीठावरून बोलताना आम्ही मोठ्या आवेशाने सांगितले, की १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना बाबासाहेबांच्या आणि थोर कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांच्या न्यूयॉर्कमध्ये भेटी होत असत. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. कार्यक्रम संपल्यावर भोजनाच्या रांगेत एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी आमच्याजवळ आली आणि अत्यंत नम्रपणे म्हणाली, "काका, या भेटींचा पुरावा कुठे मिळेल? मला तो माझ्या प्रबंधात द्यायचा आहे." आम्ही निरुत्तर झालो. ही हकिकत आम्ही कोठे तरी ऐकली होती, ती आवडली होती आणि आवडली म्हणून खरी मानली होती.

त्या रात्री घरी परतल्यावर आम्ही शोध घेतला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट येथील ग्रंथालयाने ड्युबॉइस यांचा पत्रसंग्रह इंटरनेटवर सर्वांस विनामूल्य खुला केला आहे. त्यात १९४६ साली बाबासाहेबांनी त्यांना पाठविलेले पत्र आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वतीने नॅशनल निग्रो काँग्रेसने संयुक्त राष्ट्रसंघाकडे एक निवेदन सादर केले होते. त्याच्या प्रती बाबासाहेबांना हव्या होत्या, कारण भारतातील अस्पृश्यांनीही तोच मार्ग अनुसरावा असा विचार त्यांच्या मनात होता. याच पत्रात त्यांनी स्वतःच्या शब्दांत नमूद केले आहे, की आपली प्रत्यक्ष भेट झालेली नाही, केवळ नावाने आपण परिचित आहात. ३१ जुलै १९४६ रोजी ड्युबॉइस यांनी सहानुभूतीपूर्वक उत्तर पाठविले, तेही तेथेच आहे. आमची दंतकथा अर्ध्या तासात कोसळली. परंतु तिच्या जागी जे हाती आले ते दंतकथेहून शतपटीने मोलाचे होते. दोन खंडांतील दोन शोषित समाजांचा लेखी दुवा आमच्या डोळ्यांसमोर होता, आणि त्यावर तारीख होती.

या विद्यार्थिनीचा प्रबंधाचा विषय होता 'विज्ञानकथेतील वर्ण आणि जात'. वर्णाविषयी भरपूर मिळते, जातीविषयी काहीच मिळत नाही, तेव्हा विषय बदलावा, असा सल्ला तिला तिच्या शिक्षकांनी दिला होता. दुसरीकडे आपल्याच मंडळातील एका ज्येष्ठ बंधूंनी आम्हांस हटकले, "डॉक्टर, पोरीला कायदा नाही तर अर्थशास्त्र घ्यायला सांगा. ही उडत्या तबकड्यांची करमणूक आपल्या समाजाच्या काय कामाची?" एकाचे म्हणणे सामग्री नाही, दुसऱ्याचे म्हणणे गरज नाही. या दोन्ही आक्षेपांना आमच्या अल्पमतीनुसार उत्तर देण्यासाठी हा लेखनप्रपंच आहे.

प्रथम गरजेविषयी. विज्ञानकथा म्हणजे केवळ अग्निबाण आणि परग्रहवासी नव्हेत. 'असे झाले तर?' हा प्रश्न तिच्या मुळाशी असतो. ज्या समाजास पिढ्यान्‌पिढ्या सांगण्यात आले, की तुमची स्थिती अनादि आहे, अटळ आहे आणि पूर्वजन्मीच्या कर्माने ठरलेली आहे, त्या समाजाने हा प्रश्न विचारणे ही करमणूक कशी ठरेल? संत रविदासांनी दुःख नसलेल्या, कर नसलेल्या, जेथे कोणी दुय्यम नाही अशा बेगमपुरा नगरीची कल्पना मांडली, तेव्हा त्यांनी हाच प्रश्न विचारला होता. १९०५ साली बेगम रोकेया यांनी मद्रासच्या एका इंग्रजी नियतकालिकात 'सुलतानाज ड्रीम' ही कथा लिहिली. तिच्यात स्त्रिया सूर्याच्या उष्णतेचा उपयोग करून राज्य चालवितात आणि पुरुष पडद्यात राहतात. ज्याला आजचा अन्याय नष्ट करावयाचा आहे, त्याला अन्यायाविना असलेले जग आधी मनात उभे करावेच लागते.

आणि ज्या ड्युबॉइस यांना बाबासाहेबांनी पत्र लिहिले, ते स्वतः विज्ञानकथा लिहीत असत, ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे? १९२० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'डार्कवॉटर' या ग्रंथात 'द कॉमेट' नावाची कथा आहे. न्यूयॉर्कमधील एका पेढीत काम करणाऱ्या जिम या कृष्णवर्णीय निरोप्याला तळघराच्याही खालच्या तिजोरीखान्यात जुने दप्तर शोधण्यासाठी धाडले जाते. जेथे उतरण्यास इतर कोणी धजत नाही तेथे त्याला पाठवायचे, ही रीत आपल्याला नवी नाही. तो खाली असतानाच धूमकेतूच्या विषारी वायूने शहरातील माणसे मरून पडतात. वाचतात ते जिम आणि एक श्रीमंत गौरवर्णीय तरुणी. काही तासांपुरती दोघांमधील वर्णाची भिंत कोसळते, दोघेही केवळ मनुष्य उरतात. मग शहराबाहेर बचावलेले लोक परत येतात आणि त्यांच्याबरोबर ती भिंतही परत येते. समाजशास्त्राच्या जाड ग्रंथात जे सांगण्यास शेकडो पाने लागतात, ते या कथेने थोडक्या पानांत सांगितले आहे. १९३१ साली जॉर्ज श्कायलर यांनी 'ब्लॅक नो मोअर' ही कादंबरी लिहिली. तिच्यात एक कृष्णवर्णीय डॉक्टर कातडी गोरी करण्याचा उपचार शोधून काढतो. देशभर सारेच गोरे होऊ लागतात. अखेरीस असे उघडकीस येते, की उपचाराने गोरे झालेले लोक मूळच्या गोऱ्यांहून अधिक गोरे आहेत, आणि तत्क्षणी किंचित सावळी कातडी प्रतिष्ठेची ठरते! वैद्यकीय व्यवसायात आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्यांना ही कादंबरी विशेष अंतर्मुख करते. उपचार लक्षणावर झाला, रोगावर झालाच नाही. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, ती कातडी बदलल्याने जात नाही. तिला केवळ नवी श्रेणी हवी असते.

आता सामग्रीविषयी. आम्ही वैद्यक शिकलो तेव्हा 'इंडेक्स मेडिकस' नावाच्या सूचीचे जाडजूड खंड ग्रंथालयात ओळीने मांडलेले असत. जॉन शॉ बिलिंग्ज या लष्करी शल्यवैद्याने १८७९ साली ती सूची सुरू केली. जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत कोठे काय छापून आले, हे त्यावरून कळे. १९९७ साली 'पबमेड' सर्वांसाठी इंटरनेटवर विनामूल्य खुले झाले आणि २००४ नंतर छापील सूची बंद झाली. विज्ञानकथेच्या अभ्यासकाला असे काही साधन आहे काय? आहे. फरक इतकाच, की वैद्यकाची सूची सरकारी पैशाने उभी राहिली आणि विज्ञानकथेच्या सूची मुख्यत्वे वाचकांच्या हौसेने व पदरमोडीने उभ्या राहिल्या. अमेरिकेत ह्यूगो गर्न्सबॅक यांनी एप्रिल १९२६ मध्ये 'अमेझिंग स्टोरीज' हे मासिक काढले. तेव्हापासून विद्यापीठांनी ज्या साहित्यास कित्येक दशके दाराबाहेर ठेवले, त्याची निगा वाचकांनीच राखली.

शोधाचा क्रम कसा असावा, हे आम्ही त्या विद्यार्थिनीला जसे सांगितले तसेच येथे सांगतो. पहिली पायरी 'एन्सायक्लोपीडिया ऑफ सायन्स फिक्शन' या कोशाची. पीटर निकोल्स यांच्या संपादनाखाली त्याची पहिली आवृत्ती १९७९ साली निघाली. जॉन क्लूट आणि निकोल्स यांनी १९९३ साली दुसरी काढली. २०११ पासून तिसरी आवृत्ती इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध असून तीत सतत भर पडत असते. लेखक, विषय, देश यांवरील जाणकारांच्या नोंदी तेथे मिळतात. विषयाची रूपरेषा येथे मनात पक्की करावी.

दुसरी पायरी 'इंटरनेट स्पेक्युलेटिव्ह फिक्शन डेटाबेस' या ग्रंथसूचीची. अल फॉन रुफ यांनी ती १९९५ साली सुरू केली. एखादी कथा प्रथम कोणत्या मासिकाच्या कोणत्या अंकात आली, पुढे कोणत्या संग्रहात गेली, लेखकाने कोणकोणती टोपणनावे घेतली, याचा हिशेब ती देते. कोश मत देतो, सूची मत देत नाही, केवळ नोंद देते. म्हणूनच दोन्ही हवेत. तिसरी पायरी समीक्षेची. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या ग्रंथालयातील हॅल हॉल यांनी विज्ञानकथेविषयी लिहिल्या गेलेल्या लेखांची व ग्रंथांची सूची अनेक दशके खपून तयार केली. तीही इंटरनेटवर पाहता येते. एखाद्या शब्दाचा इतिहास हवा असेल तर जेसी शाइडलोअर यांनी २०२१ साली खुला केलेला विज्ञानकथेचा ऐतिहासिक शब्दकोश पाहावा. कोणता शब्द प्रथम कोणी, कोणत्या वर्षी वापरला, हे तेथे मूळ अवतरणांसह मिळते. चौथी पायरी प्रत्यक्ष संहितेची. 'डार्कवॉटर'सारखे स्वामित्वहक्कातून मुक्त झालेले ग्रंथ 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग'वर संपूर्ण वाचता येतात, तर 'इंटरनेट आर्काइव्ह'वर जुन्या मासिकांचे अंक जसेच्या तसे पाहावयास मिळतात.

शेवटची पायरी पुन्हा ग्रंथालयाचीच आहे, कारण इंटरनेट पुष्कळदा दार दाखविते, आत नेत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील ईटन संग्रह या क्षेत्रातील मोठा संग्रह म्हणून विख्यात आहे. जे. लॉइड ईटन नावाच्या डॉक्टरने हौसेने जमविलेली सुमारे साडेसात हजार पुस्तके विद्यापीठाने १९६९ साली घेतली, तेथून त्याचा आरंभ झाला. टोरंटोच्या सार्वजनिक ग्रंथालयात जूडिथ मेरिल या लेखिकेने १९७० साली आपली सुमारे पाच हजार पुस्तके व नियतकालिके दिली, तो संग्रह आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. इंग्लंडमध्ये लिव्हरपूल विद्यापीठात सायन्स फिक्शन फाउंडेशनचा संग्रह आहे. ऑक्टेव्हिया बटलर यांची कागदपत्रे कॅलिफोर्नियातील हंटिंग्टन ग्रंथालयात आहेत. बटलर यांची आई लोकांच्या घरी काम करी आणि मालकांनी टाकून दिलेली पुस्तके लेकीसाठी घरी आणी. त्या लेकीस १९९५ साली मॅकआर्थर पाठ्यवृत्ती मिळाली, आणि आज तिची हस्तलिखिते अभ्यासण्यासाठी विद्वान पूर्वपरवानगी घेऊन येतात. आपल्या किती घरांतील मायमाउल्यांची ही कहाणी आहे, हे वाचकांना सांगावयास नको.

येथवर सारे आशादायक आहे. तथापि कोणतीही सूची निर्विकार नसते, हे आंबेडकरी वाचकाने कदापि विसरू नये. मार्टिन डिलेनी या कृष्णवर्णीय लेखकाचे उदाहरण घ्या. १८५० साली हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला, पण गौरवर्णीय विद्यार्थ्यांनी तक्रार करताच त्यांना बाहेर पडावे लागले. महाविद्यालयाच्या दाराशी अडविले जाणे म्हणजे काय, हे बडोद्यात राहण्यास जागा न मिळालेल्या बॅरिस्टरच्या अनुयायांना कळते. या डिलेनींनी 'ब्लेक' नावाची कादंबरी लिहिली. गुलामांच्या सार्वत्रिक उठावाची ती कल्पना होती, जो इतिहास घडला नाही पण घडू शकला असता त्याची कथा. १८५९ आणि १८६१-६२ या वर्षांत ती कृष्णवर्णीयांनी चालविलेल्या नियतकालिकांतून क्रमशः छापली गेली. तिची शेवटची प्रकरणे ज्या अंकांत होती ते अंक आजवर कोणालाही सापडलेले नाहीत. उठाव होतो की नाही, हे आपल्याला वाचताच येत नाही. बड्या नियतकालिकांचे अंक ग्रंथालयांनी बांधून ठेवले, गरिबांच्या नियतकालिकांचे अंक रद्दीत गेले. जे जपले गेले नाही त्याची पूर्ण नोंद कोणतीच सूची देऊ शकत नाही.

दुसरे उदाहरण नावाचे आहे. सॅम्युअल डिलेनी या श्रेष्ठ कृष्णवर्णीय विज्ञानकथाकाराने १९९८ साली विज्ञानकथेतील वंशवादावर एक मूलगामी निबंध लिहिला. जुन्या काळी लेखक-संपादकांचा व्यवहार टपालाने चाले, त्यामुळे त्या मासिकांतील किती लेखक कृष्णवर्णीय होते हे आज कळण्यास मार्ग नाही, असे त्यांनी दाखवून दिले. त्यांच्या 'नोव्हा' या कादंबरीचा नायक कृष्णवर्णीय असल्याने आमचे वाचक ती स्वीकारणार नाहीत, असे सांगून जॉन कॅम्बेल या मातब्बर संपादकाने ती आपल्या मासिकासाठी नाकारली, हेही त्यांनी तेथेच नोंदविले आहे. याच कॅम्बेल यांच्या नावाने नवोदितांना दिल्या जाणाऱ्या पुरस्काराचे नाव २०१९ साली बदलण्यात आले.

याच्या शेजारी आपल्या मराठीतील एक प्रसिद्ध प्रसंग ठेवून पाहावा. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेस पहिला क्रमांक मिळाला. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे डॉ. जयंत विष्णु नारळीकर. आपल्या कीर्तीचा परीक्षकांवर प्रभाव पडू नये म्हणून त्यांनी आद्याक्षरे उलटी करून टोपणनाव घेतले होते. २०२५ साली निवर्तलेल्या या थोर शास्त्रज्ञाच्या सचोटीपुढे आम्ही नतमस्तक आहोत. परंतु या प्रसंगाची दुसरी बाजूही मनात येते. एकाला नाव लपवावे लागले, कारण नावाने अकारण लाभ झाला असता. ज्यांना आडनावामुळे अकारण तोटा होतो आणि म्हणून ते लपवावे लागते, अशांचे काय? त्यांनी बदललेल्या नावांमागे कोण होते, हे कोणती सूची सांगणार? आपल्या समाजातील कोणी विज्ञानकथा लिहिलीच नाही, असे छातीठोकपणे म्हणणाऱ्याने आधी या प्रश्नाचे उत्तर द्यावे.

मराठी पुस्तकांचा शोध घेणाऱ्यास आणखी एक व्यावहारिक अडचण येते. ती सांगण्यापूर्वी एक इतिहास सांगितला पाहिजे. १९५४ च्या 'पी. एल. ४८०' या अमेरिकन कायद्यान्वये भारतात गहू येत असे. आपल्या वडीलधाऱ्यांनी रेशनच्या रांगेत उभे राहून तो आणला आणि खाल्ला. त्या गव्हाचे मोल भारताने रुपयांत चुकते केले. त्याच रुपयांतून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९६२ पासून दिल्लीतील कार्यालयामार्फत भारतीय भाषांतील पुस्तके विकत घेऊन अमेरिकन विद्यापीठांना पुरविली. म्हणूनच शिकागोसारख्या विद्यापीठांच्या कपाटांत मराठी पुस्तके ओळीने उभी आहेत. आमच्या मते या ग्रंथसंग्रहांवर आपला अधिकार केवळ वाचक म्हणून नाही. त्यांची किंमत आपल्या आईबापांच्या भाकरीने दिलेली आहे.

मात्र ही पुस्तके सूचीत शोधताना रोमन लिपीतील लिप्यंतराचे नियम पाळावे लागतात. आपण उच्चारानुसार अक्षरे टंकतो, ग्रंथपाल लिपीनुसार. 'विज्ञान' शोधताना आपण 'द' आणि 'न' यांची रोमन अक्षरे वापरली तर पदरी निराशा येते, कारण तेथे 'ज्ञ' हा 'ज' आणि 'ञ' यांच्या अक्षरांनी लिहिला जातो. 'दलित' या शब्दाच्या शेवटी आपण न उच्चारलेला 'अ' तेथे लिहिलेला असतो, आणि 'कर' अंती असलेल्या साऱ्या आडनावांचीही तीच गत. एवढे ध्यानात घेतले, की जेथे काही नाही असे वाटले होते तेथे यादीच उघडते. तसेच आज आपण 'दलित' म्हणतो, पण जुन्या नोंदी 'अस्पृश्य' किंवा 'डिप्रेस्ड क्लासेस' या शब्दांखाली असू शकतात. तो शब्द टंकताना बोटे थबकतात, हे आम्ही जाणतो. तरीही टंकावा. आपल्याविषयी काय लिहिले गेले हे शोधण्यासाठी, लिहिणाऱ्याने आपल्याला काय म्हटले होते ते ठाऊक असावे लागते.

आणखी एक इशारा. अलीकडे प्रश्न विचारताच अस्खलित उत्तर देणारी संगणकीय यंत्रे घरोघरी आली आहेत. त्यांचा उपयोग आम्हीही करतो. परंतु अस्तित्वातच नसलेल्या ग्रंथाचे नाव, लेखक आणि साल ती बेधडक सांगून मोकळी होतात, हा अनुभव आता सर्वत्र आला आहे. रुग्णाने सांगितलेले लक्षण आम्ही तपासणीविना निदान म्हणून लिहीत नाही, तसेच यंत्राने सांगितलेला संदर्भ मूळ सूचीत पाहिल्याविना लिहू नये. बुद्धाने कालामांना हेच सांगितले होते, की परंपरेने आले म्हणून, ऐकिवात आहे म्हणून किंवा ग्रंथात आहे म्हणून मानू नका. व्यासपीठावरून डॉक्टरांनी सांगितले म्हणून मानू नका, ही भर आता आम्ही स्वानुभवाने घालतो.

मग जातीविषयी काहीच मिळत नाही, हे त्या शिक्षकांचे म्हणणे खरे आहे काय? अजिबात नाही. २०२४ साली चेन्नईच्या ब्लाफ्ट या प्रकाशनसंस्थेने जातिविरोधी विज्ञानकथांचा संग्रहच प्रसिद्ध केला. मिमी मंडल या दलित लेखिकेने अलेक्झांड्रा पिअर्स यांच्यासह ऑक्टेव्हिया बटलर यांना उद्देशून लिहिलेल्या पत्रांचे व लेखांचे पुस्तक २०१७ साली संपादित केले आणि त्यास दुसऱ्या वर्षी लोकस पुरस्कार मिळाला. सामग्री आहे. ती थोडी आहे, विखुरलेली आहे, आणि ती शोधणाऱ्याला कोणी हात धरून नेत नाही, हेही तितकेच खरे आहे. आमच्या विद्यार्थिनीने विषय बदलला नाही, हे येथे आनंदाने नमूद करतो.

आता आपल्या मंडळाने काय करावे? आमच्या सूचना तीन आहेत आणि त्यांपैकी एकीलाही फारसा पैसा लागत नाही. पहिली, मराठीतील आणि विशेषतः आपल्या लेखक-कवींच्या ज्या लेखनात भविष्याची, पर्यायी समाजाची वा विज्ञानाची कल्पना आहे, त्याची यादी आपणच करावी. तीत पुस्तकाचे नाव, प्रकाशक, वर्ष आणि पृष्ठसंख्या प्रत पाहूनच लिहावी, आठवणीतून लिहू नये. दुसरी, इंटरनेटवरील जी ग्रंथसूची आम्ही वर सांगितली तिच्यात कोणीही स्वयंसेवक नोंद सादर करू शकतो, संपादक ती तपासून स्वीकारतात. तेथे इंग्रजीचे प्राबल्य आहे, परंतु अन्य भाषांना मज्जाव नाही. ज्या विहिरीवर मज्जाव नाही तेथे आपण घागर घेऊन गेलो नाही, तर दोष विहिरीचा नव्हे. तिसरी, घरोघरी पडून असलेल्या जुन्या स्मरणिका, अनियतकालिके, जयंतीची पत्रके रद्दीत देऊ नयेत. त्यांची छायाचित्रे काढून ती सुरक्षित ठेवावीत. कोणास ठाऊक, आपल्या 'ब्लेक'ची शेवटची प्रकरणे कोणाच्या माळ्यावरील पेटीत असतील!

हे काम क्षुल्लक नाही. १९१७ साली लंडनहून परतताना बाबासाहेबांचे सामान ज्या जहाजावर होते ते युद्धात बुडविण्यात आले आणि कष्टाने जमविलेले ग्रंथ समुद्रात गेले. पुढे त्याच पुरुषाने दादरला 'राजगृह' बांधले ते ग्रंथांना जागा मिळावी म्हणून. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांचे अप्रकाशित लेखन पेट्यांत पडून होते. वसंत मून यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र शासनाने १९७९ साली पहिला खंड प्रसिद्ध केला, आणि आज इंग्रजी खंड भारत सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून जगात कोणालाही वाचता येतात. कोलंबिया विद्यापीठात प्रा. फ्रान्सिस प्रिचेट यांनी 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'ची टीपांसह केलेली आवृत्तीही इंटरनेटवर आहे. एकेका खंडामागे कोणी तरी पेटी उघडली, धूळ झटकली आणि यादी केली, म्हणून हे घडले.

येत्या जयंतीस मंडळाने आम्हांस पाच मिनिटे द्यावीत, अशी आमची विनंती आहे. गेल्या वर्षी केलेले विधान आम्हांस त्याच व्यासपीठावरून मागे घ्यावयाचे आहे आणि १९४६ ची दोन्ही पत्रे वाचून दाखवावयाची आहेत. त्याच दिवशी सभागृहाच्या दाराशी एक मेज ठेवावे, त्यावर ती विद्यार्थिनी संगणक घेऊन बसेल. तिने तसे कबूल केले आहे. ज्यांच्या घरी जुनी पुस्तके, स्मरणिका आणि अंक असतील त्यांनी ते घेऊन यावे, नोंद करून लगेच परत मिळतील. आम्हांस हटकणाऱ्या त्या ज्येष्ठ बंधूंकडे सत्तरच्या दशकातील अंकांची एक पूर्ण पेटी आहे, असे आम्हांस समजले आहे. त्यांना आमचे विशेष आग्रहाचे निमंत्रण.

जय भीम!